एका बॉक्सात किती पीस? गुलामगिरीवरच्या एका ओतीव शिल्पाचं प्रकरण

पार्श्वभूमी

कोल्हापुरात धातू ओतणं ही नवलाई नाही. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या वसाहतींत रोज भट्ट्या पेटतात. पंप, इंजिन, ट्रॅक्टर यांचे ओतीव भाग इथून बाहेर जातात. याच शहराला कलानगरी म्हणतात. स्वतःचा कॅमेरा स्वतः घडवणारे बाबूराव पेंटर शिल्पकारही होते. तरी फाउंड्रीतला मोल्डर आणि शिल्पकार एकमेकांच्या दारात क्वचितच जातात. पुतळे ओतणारी माणसं वेगळी, त्यांची शेड वेगळी.

इथे मांडलेलं प्रकरण या दोघांना एकत्र आणणाऱ्या एका कामाचं आहे. शहरातल्या एका कलाविषयक ट्रस्टने तिशीतल्या एका शिल्पकार बाईला प्रदर्शनासाठी निधी दिला. ट्रस्ट, शिल्पकार आणि फाउंड्री यांच्यामधला समन्वय माझ्याकडे होता: हिशेब, परवानग्या, बैठकांची टिपणं. कुणाचीही ओळख पटू नये म्हणून नावं आणि काही तपशील गाळले आहेत.

शिल्पकाराच्या मनात घर करून बसली होती ती एक वस्तू: मनिला. घोड्याच्या नालेसारखं, टोकांना पसरट होत गेलेलं तांब्याचं किंवा पितळेचं कडं. पंधराव्या शतकापासून पोर्तुगीज व्यापारी ही कडी जहाजं भरभरून पश्चिम आफ्रिकेत नेत. त्यांच्या बदल्यात मिरी घेत, हस्तिदंत घेत आणि माणसं घेत. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीच्या पोर्तुगीज लिखाणात बेनिनच्या, म्हणजे आजच्या नायजेरियातल्या एका जुन्या राज्याच्या, बाजूला एका माणसाची किंमत बारा ते पंधरा कडी अशी येते. पुढे हाच माल इंग्लंडात बर्मिंगहॅम आणि ब्रिस्टलच्या कारखान्यांत ओतला जाऊ लागला. बेनिनच्या ओताऱ्यांनी त्या कड्यांचा धातू वितळवून राजवाड्यासाठी अप्रतिम फलक आणि शिरं घडवली. १८९७ मध्ये इंग्रज फौजेने बेनिन जाळलं आणि ती शिल्पं लुटून नेली. त्यांतल्या पुष्कळ शिल्पांचा धातू जर्मनीतल्या ऱ्हाइनलँडच्या खाणींतला आहे, हे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रासायनिक अभ्यासाने दाखवलं. म्हणजे युरोपात ओतलेलं कडं माणसाची किंमत म्हणून आफ्रिकेत गेलं, तिथे शिल्प झालं आणि लूट म्हणून परत युरोपात आलं. ब्रिटिश पश्चिम आफ्रिकेत ही कडी चलन म्हणून १९४८-४९ पर्यंत चालली. मग सरकारने ती गोळा केली आणि भंगारात काढली.

शिल्पकाराचा प्रस्ताव साधा होता: ही कडी कोल्हापुरात, कोल्हापूरच्या भंगारातून, कोल्हापूरच्या कामगारांकडून ओतून घ्यायची.

अडचण

तीन गुंते एकाच वेळी समोर आले. पहिला धातूचा आणि तो ओतणाऱ्यांचा. दुसरा विषयाच्या अंतराचा: अटलांटिकवरची गुलामगिरी कोल्हापूरच्या प्रेक्षकाला का भिडावी? तिसरा पैशाचा. निधीतला मोठा वाटा साखर व्यवसायातल्या एका कुटुंबाच्या देणगीतून आला होता, आणि शिल्पकाराच्या दुसऱ्या मांडणीत ऊसतोडीचा कोयता होता.

पहिला निर्णय: खरेपणा की फुप्फुसं

जुन्या कड्यांच्या धातूत शिशाचं प्रमाण बरंच असे. शिल्पकाराला तोच मिश्रधातू हवा होता. रंग, वजन, टिचकी मारल्यावर येणारा बसका आवाज, सगळं तसंच. उद्यमनगराच्या बाजूला पितळ ओतणारी एक छोटी फाउंड्री तयार झाली. मालकाने शिसं घालायला हरकत घेतली नाही. हरकत घेतली ती मिस्त्रींनी. साठीच्या आसपासचा हा माणूस वाळूत हात घालूनच मोठा झालेला.

"ताई, नळाच्या पितळंचा धूर सुटला तरी पोरं रातभर हुडहुडत्यात. त्यात आनि शिसं कशाला?"

त्यांचं म्हणणं शब्दशः बरोबर होतं. पितळेत तांब्याबरोबर जस्त असतं. जस्त ९०७ अंशांना उकळतं आणि पितळ ओतावं लागतं त्याहून वरच्या तापमानाला. त्यामुळे भट्टीवर पांढरा धूर येतोच. तो छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप चढतो. एकदोन दिवसांत उतरतो म्हणून त्याला कुणी आजार मानत नाही. शिसं मात्र शरीरात साठत राहतं.

पर्याय तीन होते. शिसं घालून हुबेहूब कडी ओतणं. साध्या भंगारी पितळेत ओतून रंग वरून रसायनाने देणं. किंवा मेणाच्या साच्याची पद्धत वापरून पुतळे ओतणाऱ्यांकडे जाणं. तिसरा पर्याय पृष्ठभागासाठी सर्वांत सरस होता, पण मग काम कारखान्यातून बाहेर गेलं असतं आणि प्रस्तावाचा कणाच मोडला असता. शिल्पकाराने चारेक दिवस घेतले आणि दुसरा पर्याय निवडला. तिचं कारण मी बैठकीच्या टिपणात तिच्याच शब्दांत लिहून ठेवलं: "माणसं खर्ची घालून काढलेल्या मालावर मी काम करतेय. त्यासाठी मी कुणाचं रक्त बिघडवणार नाही."

माझ्या मते हा या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय. तो घेतला गेला तेव्हा एकही कडं ओतलेलं नव्हतं. धूर खेचणारा पंखा आणि योग्य प्रतीचे मास्क यांचा खर्च निधीतून काढला आणि त्यासाठी प्रदर्शनाच्या छापील पुस्तिकेची पानं कमी केली.

दुसरा निर्णय: एका बॉक्सात किती

कड्याचा आकार ओतायला सोपा आहे. मधून सपाट कापला जातो, आत कोअर (पोकळीसाठी ठेवायचा वाळूचा गाभा) लागत नाही, ओल्या वाळूच्या दोन भागांच्या साच्यात, म्हणजे बॉक्सात, सहज निघतो. सुताराने लाकडी पॅटर्न, म्हणजे कड्याचा नमुना, केला, त्यावरून ॲल्युमिनियमची पॅटर्न प्लेट, म्हणजे असे अनेक नमुने बसवलेली पाटी, करायचं ठरलं, आणि मिस्त्रींनी कुठल्याही नव्या कामाला विचारतात तो प्रश्न विचारला.

"एका बॉक्सात किती पीस बसवायचं?"

"मामा, जास्तीत जास्त किती बसतील?"

"बसवायचं म्हटलं तर चोवीस बसतील. पर वाळू थांबणार न्हाई. सोळा घ्या."

शिल्पकाराने पिशवीतून एक छापील चित्र काढून मिस्त्रींसमोर ठेवलं. ब्रूक्स नावाच्या गुलामवाहू जहाजाचा हा आराखडा १७८८ मध्ये इंग्लंडातल्या गुलामगिरीविरोधी कार्यकर्त्यांनी छापला होता. जहाजाच्या तळात माणसं कशी ओळीने, खांद्याला खांदा लावून झोपवत, ते त्यात दिसतं. त्या वर्षी झालेल्या कायद्यानुसार त्या जहाजावर ४५४ माणसं नेण्याची मुभा होती. कायद्याआधी त्याच जहाजाने ६०९ पर्यंत माणसं वाहून नेली होती.

मिस्त्री बराच वेळ चित्र बघत होते. मग त्यांनी मधल्या मोकळ्या पट्टीवर बोट ठेवून विचारलं, ही वाट माणसांना चालायला ठेवलीय का. त्यांनी त्या पट्टीत रनर, म्हणजे वितळलेला धातू प्रत्येक पिसापर्यंत नेणारी साच्यातली वाट, पाहिला होता. फाउंड्रीत रोज हाच हिशेब चालतो: बॉक्सची जागा ठरलेली, धातू महाग, दोन पिसांमधलं अंतर जेवढं कमी तेवढा माल जास्त. अंतर फारच कमी केलं तर मधली वाळू ढासळते आणि अख्खा बॉक्स वाया जातो. जहाजाच्या मालकाचा हिशेबही असाच होता, फक्त वाया जाणारा माल माणसं होती.

त्या दुपारी शिल्पाचं रूप बदललं. सुट्या कड्यांचा ढीग मांडायची मूळ कल्पना मागे पडली. ४५४ कडी ओतायची, सोळा-सोळाच्या बॉक्सनी, आणि काही बॉक्समधला माल रनरसकट, न तोडता, भिंतीवर तसाच टांगायचा, असं ठरलं. चोवीसची प्लेटही एकदा करून पाहिली. मिस्त्रींनी सांगितलं तेच घडलं: वाळू फुटली, पितळ एका पोकळीतून दुसरीत गेलं आणि तीन-चार कडी एकमेकांना चिकटून बाहेर आली. ती भंगारात न टाकता प्रदर्शनात स्वतंत्र ठेवली गेली. लोक सर्वांत जास्त वेळ तिथेच थांबले.

तिसरा निर्णय: मजुरी आणि नाव

ट्रस्टने फाउंड्रीशी किलोवर दर ठरवला होता, नेहमीसारखा. वाळू भरणारे आणि ओतणारे बहुतेक कामगार ठेकेदारामार्फत आलेले. काही शहराच्या आसपासच्या गावांतले, काही परप्रांतातले. काम रविवारच्या पाळीत होणार होतं. शिल्पकाराने विचारलं की या पाळीचे पैसे नक्की कुणाच्या हातात पडतात. उत्तर कुणालाच नीट देता येईना.

तिने दोन गोष्टी मागितल्या: जादा पाळीचा दर दुप्पट, आणि भिंतीवर प्रत्येकाचं नाव. पहिली मागणी मान्य करणं सोपं होतं, कारण जादा तासांना दुप्पट दर १९४८ च्या कारखाने अधिनियमातच होता. पण ट्रस्टने कामगारांना थेट पैसे द्यायला ठेकेदार तयार नव्हता. थेट पैसे द्यावेत आणि ठेकेदाराशी वाजवावं, असं एका विश्वस्तांचं मत होतं. मालकाने वेगळा मार्ग सुचवला. रविवारची पाळी त्याने स्वतःच्या हजेरीपटावर घेतली, पगार बँकेत जमा केला आणि ट्रस्टने ती रक्कम मालकाला दिली. ठेकेदार नाराज झाला, पण त्याने माणसं काढली नाहीत.

नावांच्या बाबतीत गोष्ट उलटी झाली. सगळ्यांना आनंदच होईल असं आम्ही धरून चाललो होतो. मिस्त्रींसह पाच जणांनी होकार दिला. बाकीच्यांनी नकार दिला, आणि त्यांची कारणं ऐकण्यासारखी होती. एकाला भीती होती की ठेकेदार पुढच्या हंगामात बोलावणार नाही. दुसरा म्हणाला, "गुलामांच्या भिंतीवर माझं नाव कशाला? गावाकडं कुणी फोटो बघितला तर काय म्हणतील?" हा आक्षेप शिल्पकाराला लागला. फलकावर पाच नावं आली, बाकीच्यांचा उल्लेख कामावरून झाला: वाळू तयार करणारे, ओतणारे, घासणारे.

चौथा निर्णय: कोयता

दुसरी मांडणी ओतीव लोखंडाची होती आणि ती शिरोलीच्या एका फाउंड्रीत झाली. १७९१ नंतर इंग्लंडातल्या अनेक कुटुंबांनी, विशेषतः बायकांनी, कॅरिबियन बेटांवरची साखर वापरणं सोडलं; ती गुलामांच्या घामाची होती. पुढे १८२० च्या दशकात तिथे साखरेची भांडी विकली जात, त्यांवर लिहिलेलं असे की ही ईस्ट इंडियाची साखर आहे, गुलामांनी बनवलेली नाही. हिंदुस्थानची साखर स्वच्छ म्हणून मिरवली जात होती. मग १८३३ चा कायदा आला. गुलामांच्या मालकांना दोन कोटी पौंड भरपाई मिळाली. त्यासाठी काढलेल्या कर्जाची शेवटची फेड ब्रिटिश सरकारने २०१५ मध्ये केली. गुलामांना काहीच मिळालं नाही. मळ्यांवर माणसं हवीच होती, म्हणून १८३४ पासून मॉरिशसला हिंदुस्थानातले करारबद्ध मजूर नेले जाऊ लागले. त्यांत मराठी माणसंही होती. तिथला मराठी समाज त्यांचाच.

शिल्पकाराने ते साखरेचं भांडं लोखंडात ओतलं, त्यावरची ओळ मराठीत घातली, आणि शेजारी एक कोयता ठेवला. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता मोजतात, हे इथे कुणाला सांगावं लागत नाही. मुकादमाकडून हंगामाआधी उचल घ्यायची आणि ती फिटेपर्यंत तोडत राहायचं, हेही.

देणगीदार कुटुंबाला हे समजलं ते निमंत्रणपत्रिकेच्या कच्च्या मसुद्यातून. निरोप आला: कड्यांबद्दल अभिमान आहे, कोयता काढावा. ट्रस्टची बैठक लांबली. एका ज्येष्ठ विश्वस्तांचं म्हणणं होतं की गुलामगिरीवर बोलायचं तर बोला, त्यात घरचा विषय कशाला ओढता. इतिहास शिकवणाऱ्या एका प्राध्यापक बाईंनी वेगळाच आक्षेप घेतला आणि मला तो अधिक वजनाचा वाटला. अटलांटिकवरचा गुलाम कायद्याने मालमत्ता होता, त्याच्या पोटी जन्मलेलं मूलही मालकाचं. ऊसतोड मजूर नागरिक आहे, आणि १९७६ पासून वेठबिगारीविरुद्ध कायदा आहे. दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून तुम्ही बरोबरीचं चिन्ह काढता आहात का? तसं असेल तर तुम्ही दोघांवरही अन्याय करताय.

त्यांनी आणखी एक मुद्दा काढला. गुलामगिरी म्हणजे गोऱ्यांचं पाप असं म्हणून मराठी प्रेक्षक मोकळा होईल. पेशवे दफ्तरात कुणबिणींच्या, म्हणजे गुलाम म्हणून राबवल्या जाणाऱ्या बायकांच्या, खरेदी-विक्रीच्या नोंदी आहेत. ज्याचा पराक्रम आपण शाळेत वाचतो तो मलिक अंबर लहानपणी इथिओपियातून गुलाम म्हणून विकला गेला होता. हिंदुस्थानी कापडसुद्धा आफ्रिकेच्या किनाऱ्यावर माणसं विकत घ्यायला वापरलं गेलं.

कोयता काढणं, ठेवणं, किंवा ही मांडणी वेगळ्या प्रदर्शनासाठी राखून ठेवणं, असे तीन पर्याय होते. शेवटी मतदान झालं आणि थोडक्या मतांनी कोयता राहिला, पण दोन अटींवर. मांडणी कड्यांच्या भिंतीपासून वेगळ्या दालनात असेल; आणि शेजारच्या मजकुरात फरक स्पष्ट लिहिला जाईल, प्राध्यापक बाई तो तपासतील. कुणबिणींबद्दल एक फलक जोडायचं ठरलं. देणगीदारांनी पैसे परत मागितले नाहीत. आपलं नाव मात्र काढून घेतलं.

परिणाम

प्रदर्शनाला अपेक्षेपेक्षा वेगळा प्रेक्षक आला. उद्यमनगरातली माणसं संध्याकाळी कामावरून सुटल्यावर यायची, कड्यांवर बोट फिरवून कुठे गॅस धरलाय, कुठे धातू थंड ओतला गेलाय ते एकमेकांना दाखवायची. त्यांना जहाजाच्या चित्राबद्दल फार सांगावं लागलं नाही. ब्रूक्सचा आराखडा आणि पॅटर्न प्लेट शेजारी होती, बाकीचं त्यांनीच जोडलं.

एक अडचण मात्र आधी कुणाच्या डोक्यात आली नव्हती. लोकांना कडी विकत हवी होती. सुंदर दिसत होती, हातात बसत होती. एका दुकानदाराने तर पन्नास कड्यांची ऑर्डर देऊ केली. ट्रस्टच्या तिजोरीत देणगीदारांच्या माघारीनंतर पुढच्या वर्षाची चिंता होती, म्हणून हा प्रश्न गंभीरपणे चर्चेला आला. शिल्पकाराने नकार दिला. माणसाच्या किमतीचं कडं शोकेसची शोभा होणं तिला मान्य नव्हतं. शिवाय एक व्यावहारिक बंधनही होतं, आणि त्यानेच वाद मिटला. पितळ फाउंड्री मालकाने उसनं दिलेलं होतं: जुने नळ, गॅस शेगडीचे बर्नर, प्लगच्या पिना, कुलुपं. वजनाला वजन परत द्यायचं ठरलं होतं. प्रदर्शन संपल्यावर कडी परत भट्टीत गेली. पॅटर्न प्लेट, दोन न तोडलेले बॉक्स आणि वाळू फुटलेला तो तुकडा तेवढा ट्रस्टकडे राहिला.

टीकाही झाली. कडं ही माणसाची किंमत, आणि जहाजातल्या माणसांच्या जागी तुम्ही किंमतच झोपवलीत, म्हणजे व्यापाऱ्याचीच नजर पुढे चालवलीत, असं एका तरुण चित्रकाराने प्रदर्शनातच ऐकवलं. शिल्पकाराने त्याला खोडून काढलं नाही. व्यापाऱ्याच्या वहीत माणूस जसा दिसत होता तसाच तिला दाखवायचा होता, पण ते प्रत्येकापर्यंत पोचलं नाही हे तिने मान्य केलं.

वेगळं काय करता आलं असतं

देणगीदारांशी बोलणं पत्रिकेच्या मसुद्याआधी व्हायला हवं होतं. कोयत्याचं रेखाटन मूळ प्रस्तावात होतं, पण चौथ्या पानावर, आणि देणगीदारांपर्यंत फक्त पहिलं पान गेलं होतं. समोर बसून दाखवलं असतं तरी कदाचित नाव निघालंच असतं, पण फसवणूक झाल्याची भावना राहिली नसती. विक्रीचा नियमही सुरुवातीच्या करारातच लिहायला हवा.

कामगारांच्या बाबतीत क्रम उलटा करावा लागेल. मजुरीचा प्रश्न ओतकाम ठरल्यावर निघाला. तो विषय ठरतानाच निघाला पाहिजे. नाव देण्याची विचारणा पगार जमा झाल्यानंतरच व्हावी, म्हणजे होकार-नकाराचा पैशाशी संबंध उरत नाही. नकार देणाऱ्याला कारण सांगायची सक्ती नसावी. आणि चित्र मिस्त्रींना दाखवलं तसं बाकीच्यांनाही पहिल्याच दिवशी दाखवलं असतं, तर "गुलामांच्या भिंतीवर नाव कशाला" या प्रश्नावर सगळ्यांना मिळून बोलता आलं असतं. कदाचित भिंतच वेगळी झाली असती.

सर्वांत मोठी उणीव कुणबिणींच्या फलकाची. कड्यांना ४५४ पिसांची भिंत मिळाली, साखरेला भांडं मिळालं, आणि आपल्याच वाड्यांत विकल्या गेलेल्या बायकांना एक छापील परिच्छेद. बैठकीतल्या वादातून शेवटच्या आठवड्यात जोडलेली गोष्ट तशीच दिसते. शिल्पकार आता त्याच विषयावर काम करते आहे, मोडी वाचणाऱ्या एका जाणकारासोबत जुनी कागदपत्रं पाहते आहे. नव्या प्रस्तावात पहिल्याच पानावर हजेरीपट आणि दर लिहिलेले आहेत, आणि ओतकाम त्याच मिस्त्रींकडे आहे.